दोन तोंडांची डब्बी

या बायांनो, या बाप्पा, जवळ सरा. सतरंजी मोठी आहे, भिंतीकडे कशाला पळता? थंडी आहे म्हणून कानाला दुपट्टा बांधला असेल तर तो तेवढा ढिला करा. मी तुम्हाला एका आवाजाची गोष्ट सांगणार आहे. तो आवाज आमच्या पिपरटोल्यात कोणी ओळखायला तयार नव्हतं, आणि सगळ्यांत आधी त्याला नाकारलं ते घरच्याच बाईने. मला कथा सांगता येत नाही, ऐकता मात्र येते. देवरीच्या रस्त्याला जिथे जिथे टाळ वाजला, तिथे पुढच्या रांगेत रुख्मा बसलेलीच. तेव्हा ऐकून ऐकून जे साठलं त्याच्या भरवशावर सांगते. चुकलं तर विठ्ठल सांभाळून घेईल.

आमचे चैतराम महाराज. महाराज म्हणजे मठातले नव्हेत, धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभे राहणारे. रोवणीला बाया वाकल्या की हे बांधावरून अभंग सुरू करायचे आणि रोवणी कधी संपली ते कंबरेला कळायचं नाही. कीर्तनाला उभे राहिले की आवाज तलावाच्या पाळीवर जाऊन परत यायचा. माघातल्या सप्ताहाला काल्याचं कीर्तन त्यांचंच, ही आमच्या गावची रीत. त्यांना एकच खोड होती, सुपारी-तमाखूचा खर्रा. कीर्तनात व्यसनावर बोलायचे तेव्हा आधी दोन चुळा भरून यायचे, आणि सारं गाव गालातल्या गालात हसायचं.

मग आवाज बसला. आम्हाला वाटलं, सप्ताह फार झाले. ज्येष्ठमध झालं, गरम पाणी झालं. शेवटी मुन्नाने, म्हणजे त्यांच्या मुलाने, नागपूरला नेलं, आणि तिथल्या दवाखान्यात आवाजाची पेटीच काढावी लागली. परत आले ते गळ्याच्या मुळाशी एक भोक घेऊन. श्वास तिथूनच. त्यावर पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा. तोंड हलायचं, ओठ हलायचे, पण आवाज नाही. त्यांची बायको मंदाबाई रोज सकाळी उकळून गार केलेल्या पाण्याने ते भोक पुसायची. मी शेजारीण, माझ्या अंगणातून सारं दिसायचं.

घरात बोलणं चिपळ्यांवर चालायचं. चिपळी एकदा वाजली की पाणी. लांबवून वाजली की इकडे ये. दोन्ही हातांनी खडखडली की राग. "पहिले भजनाले वाजवत होते, आता भाजीत मीठ कमी झालं तं वाजवते," असं मंदाबाई म्हणायची आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावायची.

दिवाळीनंतर सप्ताह मंडळाचे अध्यक्ष चुन्नीलाल घरी आले. राईस मिलचे मालक, मनाने वाईट नाहीत, पण कुणावर भरवसा नाही. स्वतःच्या मिलच्या काट्यावरसुद्धा नाही. म्हणाले, "महाराज, आराम करा. काल्याले मी बालाघाटचा बुवा सांगून ठेवला."

महाराजांनी पाटी घेतली, खडूने लिहिलं, "काला मीच करीन." चुन्नीलालने वाचलं, मान हलवली आणि चहा न पिता गेले. त्या दिवसापासून महाराज जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. काला गेला तर हा माणूसही जाईल, हे मला दिसत होतं, मंदाबाईला तर दिसतच होतं.

अशात एक मुलगी आली. दरेकशावरून गाडीने आमगाव, तिथून देवरीची बस, आणि फाट्यावरून पायी. पाठीवर दप्तर, पायात बूट.

"कोन पाहिजे?" मंदाबाई दारातूनच.

"चैतराम महाराज इथंच राह्यते का, काकू?"

"कायले?"

"नागपूरच्या दवाखान्यात बोलनं शिकवनाऱ्या मॅडम हायेत ना, त्यायनं पत्ता देला. मी दीप्ती. गोंदियाले पॉलिटेक्निक केलं."

"गाव?"

"दरेकसा."

"आडनाव?"

मुलगी जराशी हसली. तिला हा प्रश्न कुठल्या वाटेने जातो ते ठाऊक होतं. "रामटेके."

"हं," मंदाबाई म्हणाली. चहा दिला, पण कोणत्या कपात दिला ते मी पाहिलं.

दीप्तीने दप्तरातून एक डब्बी काढली. तमाखू-चुन्याची असते ना, दोन तोंडांची, तशीच. एका तोंडाशी चपटी, दुसऱ्या तोंडाशी पातळ गोल चकती बसवलेली, मधे बटन आणि बाजूला फिरवायची खुंटी. मंदाबाई उठूनच उभी राहिली. "डब्बी? ह्या घरात पुन्हा डब्बी?"

"आतमधे तमाखू नाई, काकू. आत सेल हाय, अन् चकतीले थरथर देनारी तारेची गुंडी हाय. गळ्याले लावाची, बटन दाबाचं. थरथर गळ्यातून तोंडात जाते, अन् जीभ-ओठ त्याचे शब्द करते. बस."

"किती घेसील?"

"काही नाई."

"मंग काऊन देऊन राहिली?"

"याचा नकाशा खुला हाय. कोनीतरी बनवला अन् इंटरनेटवर ठेवला, ज्याले लागन त्यानं बनवावा, सुधरवावा, दुसऱ्याले द्यावा. बाजारातली मशीन आपल्यासारख्याले परवडत नाई."

"म्हंजे ज्यानं बनवला तो येडा हाय का?"

"असन," दीप्ती म्हणाली. "तसे येडे लय हायेत."

ती हसली, मंदाबाई हसली नाही. आणि तिचंही चुकत नव्हतं. आधी एक जण येऊन काळी पावडर देऊन गेला होता. दुसरा कुठल्याशा संस्थेचा म्हणून आला, महाराजांचं कापड बाजूला करून भोकाचा फोटो काढला, मदत पाठवतो म्हणाला, आणि तो फोटो पुढे देवरीच्या बस स्टँडवर कुणाच्या तरी जाहिरातीत दिसला. फुकट या शब्दाचा तिला धसकाच बसला होता. मला म्हणाली, "रुख्मा, ही पोरगी काहीतरी लपवून राहिली. मी डब्बी हातात मागतली तं देते, पन झाकन उघडू म्हनलं तं वापस घेते. साऱ्यायसाठी खुलं हाय म्हन्ते, अन् झाकन काऊन बंद?"

हे मात्र खरं होतं. मीही पाहिलं होतं.

महाराजांनी तिला हाकलू दिलं नाही. चिपळ्या दोन्ही हातांनी खडखडल्या, मंदाबाई गप्प झाली. मग दीप्ती दर रविवारी यायला लागली. आधी गळ्यावरची मऊ जागा शोधायची, कारण चकती कडक जागी टेकली तर आवाज आत न जाता बाहेरच गुणगुणतो. कानाखाली, हनुवटीखाली, डावीकडे, उजवीकडे. कुठेही लावलं तरी डब्बी एखाद्या डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखी भणभणायची आणि शब्द म्हणून काही निघायचं नाही. त्यात महाराज जुन्या सवयीने जोर लावायचे, तर भोकातून वारा फुसकन सुटायचा.

"जोर नका लावू, आजोबा," दीप्ती सांगायची. "श्वास राहू द्या बाजूले. कीर्तन छातीनं केलं आजवर, आता ओठानं करा."

एका रविवारी जागा सापडली, जबड्याखाली डाव्या बाजूला. दीप्ती म्हणाली, "सोपा शब्द घ्या. म-वरून सुरू होनारा."

महाराजांनी डोळे मिटले, बटन दाबलं, ओठ उघडले, आणि डब्बीतून सरळ, एका सुरात, सपाट आवाज आला, "मंदा."

मी दारात सूप घेऊन उभी होते, माझ्या हातातले तांदूळ सांडले. मला वाटलं आता मंदाबाई रडेल. ती पांढरी पडली. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि चुलीपाशी पाठ करून बसली. मी मागे गेले.

"अवं बोलले ना तुहे मालक!"

"ते नाई बोलले. रुख्मा, लग्न झाल्यापासून त्यायनं माहं नाव तोंडातून कहाडलं नाई. पहिले ‘आयकलं का’, मुन्ना झाल्यावर ‘मुन्नाची माय’. कधी रागातबी नाई. मंदा म्हननारा हा दुसराच कोनी हाय. त्या डब्बीत आवाज भरून आनला पोरीनं."

आता सांगा, ती चुकली म्हणायचं का? आमच्याकडे कुठला नवरा बायकोला नावाने हाक मारतो? दीप्तीला वाटलं, सोपा शब्द. महाराजांना वाटलं, नव्या आवाजाने पहिलं नाव घ्यायचं तर तिचंच. आणि जिच्यासाठी घेतलं तिला त्याच नावाने खात्री पटली, की हा आपला माणूस नव्हे.

शंका एकदा घरात आली की तिला खायला आपोआप मिळतं. पुढच्या रविवारी दीप्तीने महाराजांच्या कीर्तनाची जुनी कॅसेट मागितली. म्हणाली, आजोबांची पट्टी कोणती होती ते बघून खुंटी त्या सुरावर बसवते. नकाशात परदेशातल्या माणसांचा सूर धरलाय, आपल्याला आपला धरता येतो. पेटी वाजवणारा दुधराम तिथेच होता, म्हणाला, "काळी दोन, सांगतो ना मी, कॅसेट कायले?" पण दीप्तीला बोलण्याचाही सूर हवा होता, गाण्याचा नुसता नव्हे. मंदाबाईने कॅसेट दिली नाही. तो आवाज तिच्यापाशी तेवढाच उरला होता. शेवटी महाराजांनी स्वतः उठून, तिच्या उशीखालून काढून दिली.

फाट्यावर बसची वाट बघताना दीप्ती ती कॅसेट हातात धरून बसली, आणि नेमके तिथून चुन्नीलाल गेले. कॅसेटवर महाराजांचा फोटो चिकटवलेला. झालं. दुसऱ्या दिवशी मिलवर, तिसऱ्या दिवशी विहिरीवर. "डब्बीत महाराजची जुनी टेप टाकून राहिली. महाराज नुसते तोंड हालवतीन." "मंडईच्या जत्रेतल्या नाटकात नाई का, बाई तोंड हालवते अन् गानं मागून वाजते!" "अन् पोरगी कोनाची हाय, मालूम हाय ना?" हे शेवटचं वाक्य हळू आवाजात, पण प्रत्येकाने म्हटलं.

दीप्तीने पुढच्या फेरीत कॅसेट परत आणून दिली. मंदाबाईने ती कानाशी नेऊन हलवली, जणू आतला आवाज कमी झालाय का ते बघत होती.

सप्ताह आला. वीणा पहाऱ्यावर चढली, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, जमिनीला टेकू न देता. काल्याच्या दिवशी महाराज सकाळीच मंडपात जाऊन बसले, धुतलेलं धोतर, कपाळी बुक्का. चुन्नीलालने बालाघाटच्या बुवालाही बोलावून ठेवलं होतं. मंडपात एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. भक्तीला थोडी आली असतील, बाकीची डब्बी बघायला.

महाराज उभे राहिले. उजव्या हातात डब्बी, ती गळ्याला. मग चिपळ्या कुठे धरायच्या? डाव्या हाताने चिपळी नीट वाजेना. त्यांनी ती खाली ठेवली, बटन दाबलं आणि मंडपभर तो सपाट आवाज गेला, "राम कृष्ण हरी." दुधरामने पेटीवर काळी दोन दाबली. सूर तंतोतंत जुळला, जुन्या महाराजांचा जसा जुळायचा तसाच.

आणि घात तिथेच झाला.

"थांबा!" चुन्नीलाल उभे राहिले. "पाहा, पट्टीसुद्धा तीच. टेप हाय. मी माह्या डोळ्यानं कॅसेट नेताना पाहिलं. देवापुढं खोटं नाई चालाचं."

दीप्ती बायकांच्या बाजूला बसली होती. उठली, पुढे गेली, महाराजांच्या हातातून डब्बी घेतली आणि चुन्नीलालच्या गळ्याला लावली. "श्वास रोका, काका. आवाज कहाडू नका, नुसते ओठ हालवा."

चुन्नीलाल इतके चिडलेले होते, की ओठ आपोआप हलले. डब्बी भणभणली आणि मंडपाने स्वच्छ ऐकलं, "सारं खोटं हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "अध्यक्षायचीबी टेप निंगाली गा!" आणि मंडप हसून लोटपोट. चुन्नीलालने डब्बीसकट तिचा हात झटकला. गळा चाचपून बघितला, आपलाच आहे ना म्हणून. "मंग हे झाकन उघडून दाखवा," ते म्हणाले. "काही नाई तं दाखवाले काय जाते?"

दीप्तीने डब्बी छातीशी धरली. "नका ना, काका."

हसू विरलं. आणि मंदाबाई उभी राहिली. बायकांतून वाट काढत पुढे आली. नवऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. "उघड," ती म्हणाली. "माह्या मालकाच्या गळ्याले लावून राहिली ना तू? मले पाहू दे आतमधे कोन हाय ते."

दीप्तीने महाराजांकडे पाहिलं, मग झाकण फिरवलं. आत सेल, तारेची गुंडी, नखाएवढं सर्किट. टेप कुठली? पण झाकण निघाल्याबरोबर वास आला. चुन्नीलालने नाक पुढे केलं, मंदाबाईनेही. तमाखू. घासून घासूनही पत्र्यात राहिलेली, जुनी, कडू.

"हे कोनाची डब्बी हाय?" मंदाबाईने विचारलं.

"माह्या आजोबाची." दीप्तीचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "देवाजी. रेल्वेत गँगमन होता दरेकशाले. डोंगरातून गाडी यायच्या आधी हाक देनारा तो. त्याच्या हाकेनं मानसं रुळावरून बाजूले होत. त्यालेबी हेच झालं, तमाखूनंच. आवाज गेला. मी हा नकाशा त्याच्यासाठी उतरवला. त्याचीच डब्बी घेतली, म्हनलं, जिनं आवाज नेला तिच्यातूनच वापस आनू. पन मले शिकाले वेळ लागला, काकू. डब्बी बोलाले लागली तवा आजोबा नव्हता. मॅडमले म्हनलं, अजून कोनी हाय का? त्यायनं महाराजचं नाव सांगतलं. मेलेल्या मानसाची, तेबी आमच्या घरची, अन् तमाखूची. सांगतलं असतं तं तुमी गळ्याले लावू देलं असतं का?"

लावू दिलं नसतं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

मी मंदाबाईच्या हातांकडे बघत होते. तिने झाकण घेतलं, पदराने डब्बीचं तोंड पुसलं, झाकण फिरवून घट्ट बसवलं. महाराजांसमोर गेली. रोज सकाळी तोच गळा पुसणारी ती, तिला जागा शोधावी लागली नाही. जबड्याखाली, डावीकडे, तिने चकती टेकवली आणि बटन स्वतःच दाबलं. चेहऱ्यावरची शंका अजून गेली नव्हती. ती वाट बघत होती.

महाराजांचे ओठ हलले. "मुन्नाची माय," तो सपाट आवाज म्हणाला, "चिपळ्या तू धर. माह्या हाताले काम हाय."

मंदाबाईने एकदम श्वास घेतला. "हे तेच हायेत," ती आमच्याकडे वळून म्हणाली, जणू आम्हीच इतके दिवस शंका घेत होतो. "कामबी तेच सांगून राहिले." आणि तिने खाली ठेवलेल्या चिपळ्या उचलल्या.

बायांनो, ते कीर्तन मी सांगू शकत नाही. चाल महाराजांना घेता येत नव्हती, ती मागे साथ धरणाऱ्या झीलकऱ्यांनी घेतली. महाराज काळी दोनवर बोलत गेले, डब्बीचा सूर तंबोऱ्यासारखा खाली चालू, वर टाळकरी. मधे मधे शब्द कळायचे नाहीत. तेव्हा मंदाबाई चिपळी लांबवून वाजवायची आणि लोक आपसूक जवळ सरायचे. बालाघाटचे बुवा टाळकऱ्यांत जाऊन उभे राहिले, भला माणूस.

हंडी फोडण्याआधी आमच्याकडे वर्षभरात गावातून गेलेल्यांची नावं महाराज घेतात, आणि प्रत्येक नावाला सारे उभे राहून एकदा विठ्ठल म्हणतात. त्या दिवशी नावं संपल्यावर महाराज थांबले, दीप्तीकडे वळले. "बेटा, तुह्या आजोबाचं घेऊ का? तुमाले चालन का?"

दीप्तीने विचार केला. "देव त्याले पटत नव्हता, महाराज. पन काला तो मागून मागून खाये."

"देवाजी," महाराज म्हणाले.

"तो कुठं आपल्या गावचा?" चुन्नीलाल पुटपुटले. सवय हो, दुसरं काही नाही.

"माहा आवाज त्याच्या डब्बीत राह्यते," डब्बी म्हणाली. "मंग तो कोन्या गावचा, सांगा."

चुन्नीलालही उभे राहिले, आणि विठ्ठल म्हणताना त्यांचा आवाज मला वेगळा ऐकू आला. दीप्ती विठ्ठल म्हणाली नाही. हात जोडून, डोळे मिटून उभी राहिली, तिच्या रीतीने.

त्यानंतर दीप्तीने देवरीला आणि आमगावला आणखी काही जणांना डब्ब्या करून दिल्या, झाकणं उघडून, आत काय आहे ते दाखवून. चुन्नीलाल अजूनही म्हणतात, आत काहीतरी होतं. असू द्या.

आता उठाल, काला घ्याल, घरी जाल. वाटेत डोंगराकडून गाडीची शिटी ऐकू आली तर माझं एक काम करा. त्या रुळावर हाक देणारा एक माणूस होता, देवाजी रामटेके, दरेकशाचा. त्याची हाक त्याला परत मिळाली नाही, आमच्या महाराजांना मिळाली. तुमचा देव असो नसो, त्याची तेवढी आठवण ठेवा.